तीन मिलिमीटरची हरळी

बेळगावातल्या शहापूरच्या शिवारात भात निघाले की मसूर पेरण्याआधी शेतकरी ज्या गवताशी झगडतो, तेच गवत गोल्फच्या मैदानावर पैसा ओतून वाढवले जाते. ते गवत म्हणजे हरळी. शहापूर, वडगाव, अनगोळ या पट्ट्यातल्या काळ्या रानात हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावे एका दमात घेतली जातात, आणि तिन्ही वैतागून. नांगरट झाली की हरळीच्या काशा वेचायच्या, बांधावर टाकायच्या आणि उन्हात पूर्ण वाळू द्यायच्या. एखादे पेर ओल्या मातीत राहून गेले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे परात मावेल एवढा हिरवा गोल तयार असतो. गणेशोत्सवात खडेबाजारात ज्या दूर्वांच्या जुड्या विकायला येतात, त्याही याच गवताच्या. शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन.

या गवताचा चिवटपणा शेतकऱ्याला नडतो. मोठ्या गोल्फ स्पर्धेची तयारी करणारे लोक मात्र त्याच चिवटपणाच्या जोरावर उभे असतात. स्पर्धेच्या चार दिवसांसाठी ते हरळीची एवढी उपासमार करतात, तिला एवढी खुजी कापतात आणि एवढी दाबतात, की दुसरे बरेचसे गवत तेवढ्यात मरून जाईल. हरळी मरत नाही. पण ती मरणाच्या किती जवळ नेता येते आणि तिथून परत कशी आणायची, हे ओळखणे हेच मैदान सांभाळणाऱ्यांचे खरे कसब आहे. टीव्हीवर दिसणारी ती गुळगुळीत हिरवळ निरोगी, खाऊनपिऊन सुखी असलेले गवत नसते, हे मला प्रथम कळले तेव्हा फार आश्चर्य वाटले होते. ते उपाशी गवत असते.

बेळगावकरांना गोल्फ मैदान माहीत आहे ते बहुधा बिबट्यामुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगर भागात बिबट्या दिसला आणि तो शेजारच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आजूबाजूच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले, कित्येक दिवस शोध चालला, तरी बिबट्या हाती लागला नाही. शहराच्या मध्यावर एवढे मोठे रान आहे, याची जाणीव अनेकांना तेव्हाच झाली. गोल्फच्या मैदानाचा बराचसा भाग असा मोकळा, झाडाझुडपांचा असतोच. खेळण्याच्या वाटेबाहेरच्या या वाढलेल्या गवताला रफ म्हणतात. चेंडू तिकडे गेला की खेळाडूने तिथून धडपडत बाहेर यावे, एवढीच अपेक्षा. मधली नीट कापलेली वाट म्हणजे फेअरवे, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि शेवटी जिथे झेंडा रोवलेले भोक असते तो वर्तुळासारखा तुकडा म्हणजे ग्रीन.

अठरा भोकांच्या पूर्ण मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर जागा सहज लागते. पण अठरा ग्रीनचे क्षेत्र एकत्र केले तर ते जेमतेम सव्वादोन-अडीच एकर भरते. शहापूरच्या शिवारातल्या एका मध्यम शेतकऱ्याच्या जमिनीएवढेच. स्पर्धा जिंकली किंवा हरली जाते ती बहुतेक वेळा या अडीच एकरांत, कारण खेळाडूंचे साधारण चाळीस टक्के फटके ग्रीनवरच पडतात. तयारीचा खर्च, चिंता आणि झोपमोड यांचा मोठा वाटाही इथेच जातो.

फेअरवेवर गवत साधारण दहा-बारा मिलिमीटर उंच ठेवतात. रफमध्ये पन्नास मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ग्रीनवर, स्पर्धेच्या आठवड्यात, तीन मिलिमीटर. दोन रुपयांची नाणी एकावर एक दोन ठेवली तर जेवढी जाडी होईल, त्याहून हे गवत कमी उंच असते. एवढ्याशा पानावर वनस्पतीने अन्न कसे तयार करायचे?

उत्तर हरळीच्या बांध्यात आहे. ती दोन प्रकारे पसरते. जमिनीवर धावणारी खोडे पेरापेरातून मुळे सोडत पुढे जातात आणि जमिनीखाली काशा पसरतात. उसाच्या कांडीवर जसे डोळे असतात तसे हरळीच्या प्रत्येक पेरावर डोळे असतात, आणि यातले बहुतेक डोळे जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याखाली असतात. वरचे पान गेले तरी डोळा शाबूत राहतो. लाखो वर्षे चरणाऱ्या जनावरांच्या तोंडी राहून हे गवत असे घडले आहे. शेळ्यामेंढ्यांनी बुडापर्यंत खाल्ले, खुरांनी तुडवले, तरी उगवून येईल तेच टिकले. स्कॉटलंडमध्ये गोल्फ जिथे रुजला त्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवरही गवत कापायला यंत्र नव्हते. मेंढ्या आणि ससे ते काम करत. तिथले गवत थंड हवेचे, वेगळ्या जातीचे. पण चरून चरून आखूड झालेली हिरवळ हेच या खेळाचे मूळ मैदान.

यंत्र आले ते १८३० साली, आणि त्याचा उगम शहापूरच्या विणकरांना जवळचा वाटावा असा आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउड या गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणून झालेल्या कापडावर जी लव उभी राहते, ती एकसारखी छाटण्यासाठी तिथे एक यंत्र वापरत: दंडगोलावर पिळदार पाती बसवलेली आणि खाली एक स्थिर पाते. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते पाहिले आणि त्याला वाटले की हेच चाकांवर बसवून गवतावर फिरवले तर? त्याने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजही ग्रीन कापणाऱ्या यंत्राची रचना तीच आहे. घरच्या बागेत वापरतात त्या यंत्राचे पाते पंख्यासारखे गरगर फिरते आणि गवताला फटका मारून तोडते. बडिंगच्या यंत्रात फिरते पाते आणि स्थिर पाते कात्रीसारखे एकमेकांना भिडतात. दोन्हींमधली फट बरोबर बसली आहे की नाही हे पाहण्यासाठी यंत्रशाळेतला माणूस मध्ये कागदाची पट्टी धरतो आणि दंडगोल हाताने फिरवतो. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे, चुरगळता कामा नये. धार बोथट असेल तर पानाची टोके फाटतात, दुपारपर्यंत ती पांढुरकी पडतात, तिथून पाणी उडते आणि बुरशीही तिथूनच शिरते. स्पर्धेच्या काळात रोज रात्री पाती तपासली जातात ती यासाठी.

मात्र रानातली साधी हरळी तीन मिलिमीटरला विरळ पडते. तिची पाने रुंद आणि दोन पेरांतले अंतर जास्त असते. ग्रीनसाठी जी हरळी लागते ती माणसाने निवडून घडवलेली आहे, आणि ती घडवणाऱ्या माणसाचे नाव महाराष्ट्र आणि सीमाभागातल्या बाजरीच्या शेतकऱ्यांना खरे तर ठाऊक असायला हवे.

ग्लेन बर्टन १९३६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन या गावच्या संशोधन केंद्रात रुजू झाला. तिथल्या कापूस उत्पादकांचे हरळीविषयीचे मत आपल्या शेतकऱ्यांसारखेच होते. बर्टनने तिच्यापासून आधी गुरांसाठी उत्तम चाऱ्याचे वाण काढले आणि मग खेळाच्या मैदानांसाठी. आपली नेहमीची हरळी आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची एक बहीण यांचा संकर त्याने साधला. एकीच्या पेशीत ३६ गुणसूत्रे, दुसरीच्या १८, आणि संततीत २७. अशा विषम संख्येमुळे या संकराला बी धरत नाही. ती वांझ असते आणि फक्त काशांच्या बेण्यानेच वाढवता येते. १९५६ मध्ये टिफग्रीन आणि १९६५ मध्ये टिफड्वार्फ ही वाणे आली. टिफड्वार्फ नावाप्रमाणेच खुजे, घट्ट विणीचे. भारतातल्या अनेक मैदानांच्या ग्रीनवर आज तेच किंवा त्याचीच पुढची भावंडे आहेत.

हाच बर्टन बाजरीवरही काम करत होता. अमेरिकेत बाजरी गुरांचा चारा म्हणून पेरत. त्याने टिफ्ट २३ए नावाचा नरवंध्य वाण तयार केला, म्हणजे ज्याचे परागकण निकामी असतात आणि ज्यावर दुसऱ्या वाणाचे पराग सोडून हुकमी संकरित बी काढता येते. हे बियाणे भारतात आले आणि त्यातूनच १९६५ मध्ये एचबी-१ हा भारताचा पहिला संकरित बाजरीचा वाण निघाला. त्या सुमारास देशात बाजरीचे उत्पादन ३५ लाख टन होते, १९७० मध्ये ते ८० लाख टनांवर गेले. त्यानंतर लगेच गोसावी रोगाची साथ आली. सगळीकडे एकाच मादी वाणाची संतती असल्यामुळे बुरशीला कुठे अडथळाच उरला नाही, आणि पीक मोठ्या प्रमाणावर बसले. ग्रीनवरच्या हरळीचीही नेमकी हीच नाजूक बाजू आहे. बी धरत नाही म्हणजे मैदानावरचे प्रत्येक रोप एकाच मूळ रोपाचा तुकडा. चेंडू सगळीकडे सारखा धावतो तो त्यामुळेच, आणि रोग आला तर तोही सगळीकडे सारखाच धावतो.

आता जमिनीकडे येऊ. शहापूरची काळी माती बासमतीला उत्तम, पण ग्रीनखाली ती अजिबात चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि रोज शेकडो पावले पडली की दगडासारखी घट्ट होऊन मुळांची हवा बंद करते. गंमत अशी की क्रिकेटच्या खेळपट्टीला हाच गुण हवा असतो. तिथे चिकणमाती रोलरखाली दाबून टणक करतात आणि हरळीची मुळे तिला आतून धरून ठेवतात. बेळगावच्या केएससीए मैदानावर जून २०१९ मध्ये ऋतुराज गायकवाडने श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध नाबाद १८७ धावा केल्या, त्या मैदानाची मशागत आणि गोल्फच्या ग्रीनची मशागत यांत गवताचे कुळ एक असले, तरी त्याखालच्या मातीचे गणित उलटे आहे.

ग्रीन बहुतेक वाळूचेच असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ठरवून दिलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. सगळ्यात खाली पाणी वाहून नेणारे पाईप, त्यावर सुमारे दहा सेंटिमीटर खडी, आणि त्यावर तीस सेंटिमीटर वाळूचा थर, थोडे सेंद्रिय द्रव्य मिसळून. वाळूचे कण मोजून घेतात: निदान साठ टक्के कण पाव ते एक मिलिमीटर या मापात बसले पाहिजेत. खडीवर बारीक वाळू ठेवण्यात एक युक्ती आहे. पाणी वाळूतून उतरते, पण खडीच्या मोठ्या पोकळ्यांपाशी येऊन थबकते, कारण बारीक कणांमधली ओढ त्याला धरून ठेवते. वरून जास्त पाणी आले की त्याचा भार वाढतो आणि मग ते खडीतून निसटते. त्यामुळे धो धो पावसातही ग्रीन तुंबत नाही आणि कोरड्या दिवसांत मुळांशी थोडी ओल राहते. बेळगावसारख्या भरपूर पावसाच्या गावात असे ग्रीन हवेच. जुन्या काळी भारतातल्या अनेक लष्करी मैदानांवर हा सगळा व्याप टाळण्यासाठी गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू पसरून दाबत आणि त्याला ग्रीन न म्हणता ब्राऊन म्हणत. खेळाडू आपला फटका मारून झाला की ती वाळू ओढणीने सारखी करी.

स्पर्धेची तारीख ठरली की तिथून मागे मोजायला सुरुवात होते. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते मार्च या काळात बहुतेक स्पर्धा होतात. पुण्यात येरवड्याजवळचे पूना गोल्फ क्लब हे व्यावसायिक स्पर्धांचे परिचित ठिकाण. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेल्या अनिर्बन लाहिरी आणि उदयन माने या दोघांचेही पुण्याशी नाते आहे. दख्खनच्या या उंचीवर एक अडचण असते. हरळी उन्हाळी गवत. तिला २७ ते ३५ अंशांची ऊब आवडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या खाली जाऊ लागला की तिची वाढ मंदावते. म्हणजे खेळायला हवा जेव्हा सगळ्यात चांगली, नेमके तेव्हाच गवताला स्वतःची जखम भरून काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यामुळे जी काही चिरफाड करायची ती ऊब असतानाच, सहा-आठ आठवडे आधी उरकावी लागते.

आणि चिरफाड बरीच असते. पोकळ नळ्या बसवलेले यंत्र ग्रीनवर फिरवून बोटाएवढ्या जाडीचे, सात-आठ सेंटिमीटर खोल मातीचे दंडगोल उपटून काढतात. सगळे ग्रीन भोकाभोकांचे होते. त्या भोकांत कोरडी वाळू भरतात. यामुळे दाबलेल्या थरात हवा शिरते आणि जुन्या काशांचा कुजका थर कमी होतो. क्लबचे सभासद या दिवसांत फार कुरकुर करतात, कारण चेंडू उड्या मारतो. पण हे टाळले तर स्पर्धेच्या आठवड्यात ग्रीन गादीसारखे मऊ पडते आणि चेंडू रुतत जातो. त्यानंतर उभ्या पात्यांचे यंत्र फिरते. हरळीची धावती खोडे एका बाजूला झुकून पडतात, त्यामुळे चेंडू त्या दिशेने वेगात आणि उलट्या दिशेने अडखळत जातो. उभी पाती ही आडवी पडलेली खोडे कापतात आणि नवी पाने सरळ वर येतात. वर पुन्हा वाळूचा अगदी हलका थर, ब्रशने घासून आत बसवलेला. हे दर एक-दोन आठवड्यांनी.

उंची एकदम उतरवत नाहीत. एका वेळी पानाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापायचा नाही, हा नियम. तो मोडला तर रोप मुळांतला साठा खर्चून नवे पान काढते आणि मुळे आखडतात. साडेचार मिलिमीटरवरून चार, मग साडेतीन, मग तीन, असे आठवड्यांच्या अंतराने उतरतात. नत्र कमी करतात, कारण जास्त नत्राने पान लांब आणि मऊ होते. हिरवा रंग नत्राऐवजी लोहाच्या फवारणीने आणतात.

आणि एक गोष्ट फवारतात, जी सांगली-तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना चटकन कळेल. द्राक्षाचा मणी लांब व्हावा म्हणून बागायतदार घड जीएच्या द्रावणात बुडवतात. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीच्या पेशी लांबवणारे संप्रेरक. त्याचा शोध लागला भाताच्या एका रोगातून. काही रोपे विनाकारण उंच वाढतात, फिकट पडतात आणि लोंबी न धरता कोलमडतात. १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा याने दाखवले की हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होते. ग्रीनवर याच्या नेमके उलट औषध वापरतात. ट्रायनेक्सापॅक-इथाइल हे रसायन रोपाला हे संप्रेरक तयार करू देत नाही. गवत उंच वाढायचे थांबते, पण प्रकाशातून मिळणारी ऊर्जा चालूच असते. ती मग मुळांकडे आणि बाजूच्या फुटव्यांकडे वळते. गवत घट्ट होते आणि सकाळी कापलेले ग्रीन संध्याकाळपर्यंत जवळपास तसेच राहते. सकाळी खेळणारा आणि दुपारी खेळणारा या दोघांना सारखे मैदान मिळावे, याची ही सोय आहे.

ग्रीन किती वेगवान झाले हे मोजायला एक साधी पट्टी आहे. १९३५ मध्ये ओकमाँट इथे यूएस ओपन स्पर्धा पाहताना एडवर्ड स्टिंपसन या हौशी खेळाडूच्या लक्षात आले, की मोठमोठ्या खेळाडूंचे हलके फटकेही ग्रीनवरून घरंगळत बाहेर जात आहेत. हे ग्रीन गैरवाजवी वेगवान आहे असे त्याला वाटले, पण ते सिद्ध कसे करायचे? त्याने खाच पाडलेली एक लाकडी पट्टी बनवली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या संघटनेने ती ॲल्युमिनियमची करून स्वीकारली आणि तिला स्टिंपमीटर नाव मिळाले. तीन फूट लांबीच्या या पट्टीवर एका टोकाजवळ खाच असते. खाचेत चेंडू ठेवायचा, ते टोक हळूहळू उचलायचे. साधारण वीस अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि ग्रीनवर धावतो. तो किती फूट गेला तेवढा त्या ग्रीनचा वेग. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि त्यांची सरासरी. माणसाच्या हाताचा जोर यात कुठेच येत नाही, म्हणून हे माप विश्वासाचे. त्या दशकात अमेरिकाभर मोजणी केली तेव्हा सर्वसाधारण ग्रीनचा वेग साडेसहा फुटांच्या आसपास भरला होता. आज मोठ्या स्पर्धेत अकरा ते तेरा फूट अपेक्षित असतात.

एका गैरवाजवी वेगाची तक्रार म्हणून जन्मलेले हे माप पुढे वेगाच्या शर्यतीचे साधन झाले, आणि त्याची किंमत गवताने मोजली. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉक हिल्स मैदानावर शेवटच्या दिवशी वारा सुटला आणि आधीच सुकवत आणलेली ग्रीन पार वाळली. सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेनाच. शेवटी खेळाडूंच्या दोन गटांच्या मध्ये त्यावर पाणी मारावे लागले. त्या दिवशी २८ खेळाडूंना ऐंशी किंवा त्याहून जास्त फटके लागले, आणि जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकालाही पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, खाली खेळता आले नाही. मरणाच्या जवळ नेलेल्या गवताला परत आणायला केवळ काही तास उशीर झाला होता. म्हणूनच पाणी हा शेवटच्या आठवड्यातला सगळ्यात अवघड निर्णय असतो. तुषार सिंचन बंद करतात. माळी ओलावा मोजायचे यंत्र मातीत खुपसत फिरतात आणि जिथे आकडा खाली गेला तेवढ्याच वावभर जागेवर हातात पाईप धरून पाणी देतात. अनुभवी माणूस मात्र यंत्राच्या आधी डोळ्यांनीच ओळखतो. तहानलेल्या हरळीवर निळसर राखाडी झाक येते आणि तिच्यावरून चालले की पावलांचे ठसे लवकर पुसले जात नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी काम पहाटे चारला, दिव्यांच्या उजेडात सुरू होते. रात्री पडलेले दव आणि पानांच्या टोकांतून पाझरलेले पाणी लांब काठीने किंवा दोर ओढून झटकतात. ओल्या पानावर बुरशी बसते आणि पातेही नीट चालत नाही. मग दोनदा कापणी, दुसरी पहिलीला काटकोनात, आणि दिशा रोज बदलती. मागून हलका रोलर. एका रोलरने वेग साधारण फूटभर वाढतो, कापणीची उंची आणखी खाली न आणता, त्यामुळे गवताच्या दृष्टीने तो कमी त्रासाचा उपाय आहे. त्याच वेळी दुसरी तुकडी बंकरमधली वाळू सारखी करते, तिसरी फेअरवेवरचे उखडलेले टवके वाळूने भरते. आणि एका माणसाच्या हातात भोक पाडायचे अवजार असते.

भोक १०८ मिलिमीटर व्यासाचे आणि निदान १०१.६ मिलिमीटर खोल असावे लागते, आणि ते रोज नव्या जागी. एका दिवसात शंभराहून जास्त खेळाडू आणि त्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी त्याच्याभोवती उभे राहतात, वाकतात, पाय फिरवतात. ती जागा दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. चार दिवसांच्या चार जागा आधीच ठरवून ठेवतात आणि सरावाच्या दिवसांत त्यांच्या आसपास कुणाला फिरकू देत नाहीत. नवे भोक पाडताना निघालेला मातीचा दंडगोल जुन्या भोकात असा बसवतात की हाताला सांधा लागू नये. हे काम मला या सगळ्या तयारीत सगळ्यात देखणे वाटते. त्यात यंत्र नाही, फक्त एका माणसाचे हात आणि नजर. सांधा मिलिमीटरभर वर राहिला तर यंत्राचे पाते तिथले गवत तासून नेईल, खाली राहिला तर चेंडू डुगडुगेल.

या साऱ्यावर हुमणीचे सावट असतेच. उसाची मुळे खाणारी जी अळी बेळगाव-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला छळते, ती ग्रीनखालीही येते. वळवाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. ऑगस्टपर्यंत अळ्या मुळे खाऊ लागतात आणि हिरवळ गालिचासारखी गुंडाळून उचलता येईल इतकी सुटते. मे-जूनमध्ये संध्याकाळी झाडे हलवून भुंगेरे गोळा करून मारणे हा शेतकऱ्यांचा उपाय मैदानालाही तेवढाच लागू पडतो, आणि माझ्या मते विषारी औषध ओतण्याआधी तोच करायला हवा. ग्रीनमधून झिरपलेले पाणी शेवटी कुठल्या तरी नाल्यालाच मिळते. बेळगावचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याकाठी शेती असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पाण्याचेही तेच. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसलेल्या गावात फेअरवेवर पिण्याचे पाणी मारणे समर्थनीय नाही. देशातल्या काही मैदानांनी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याकडे वळून हा प्रश्न बराच सोडवला आहे. हरळी खारटपणा बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे तिला असे पाणी चालते.

शाळा-कॉलेजांच्या मैदानांना यातले फार थोडे लागते. तीन मिलिमीटरचा हट्ट नसेल, दोन-तीन सेंटिमीटर उंची चालत असेल, तर गावची साधी हरळी पुरते. मृगाच्या पावसात दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावून माती दाबायची, पहिले दोन महिने खेळ बंद ठेवायचा, आणि उंच वाढू न देता वरचेवर कापायचे. दिवाळीपर्यंत मैदान भरते. सावलीत मात्र ती कधीच भरणार नाही. हरळीला दिवसभराचे ऊन लागते.

स्पर्धा रविवारी संपते. सोमवारी सकाळी कापणीच्या यंत्राची उंची वाढवलेली असते आणि त्या दिवशी रोलर बाहेर निघत नाही. तुषार सिंचन पुन्हा सुरू होते, बऱ्याच आठवड्यांनी नत्राचा पुरेसा हप्ता मिळतो, वाढ रोखणारी फवारणी थांबते. औषधाचा असर उतरताना गवत काही दिवस नेहमीपेक्षा जोरात वाढते, आणि आता ते हवेच असते. भोकांभोवती टक्कल पडलेल्या जागी, मैदानाच्या एका कोपऱ्यात याचसाठी राखलेल्या वाफ्यातून त्याच वाणाचे चौकोनी तुकडे कापून आणून बसवतात. थंडी असेल तर सांधे मिळायला दीड-दोन महिने जातात. फेब्रुवारी सरता सरता रात्री ऊबदार झाल्या की मुळे पुन्हा खोल उतरू लागतात, आणि माळी पोकळ नळ्यांचे यंत्र बाहेर काढतात.